तुटलेल्या कडीची कबुली

विमा कंपनीचा माणूस अकराला येणार होता. किशोरी नऊपासूनच दिवेआगरच्या रस्त्यावर नजर लावून होती.

पंधरा दिवसांपूर्वी तिच्या वाडीत धनेश माडावरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. सहा वर्षं तो तिच्याकडे पगारावर नारळ पाडत होता. कामावर माणूस जायबंदी झाला तर भरपाई मालकालाच द्यावी लागते, कायदाच तसा आहे. ऑपरेशनचा खर्च ऐकून किशोरीला वाटलं, वादळानंतर उभी केलेली वाडी आता विकावीच लागणार. मग तिला आठवलं: प्रज्योत एजंटाच्या आग्रहाखातर गेल्या वर्षी तिनं कामगारांचा विमा काढला होता.

कंपनीचा अधिकारी परेश आला. किशोरी त्याला घेऊन धनेशच्या घरी गेली. धनेश खाटेवर पडून होता, उशाशी त्याची बायको ठमी.

"चढताना कमरेला पट्टा होता?" परेशनं विचारलं.

"न्हवता, साहेब. वैनींनी दिलेला, मीच बांधला न्हाय."

किशोरी चमकली. तो तिला वाचवत होता. गप्प राहिलं तर तिच्यावर काहीच येणार नव्हतं.

"खोटं सांगतोय तो," ती म्हणाली. "पट्ट्याची कडी तुटली होती, मला माहीत होतं. घरी आलेल्या पाहुण्यांना शहाळी हवी होती, म्हणून मीच त्याला तसंच चढायला लावलं."

परेशचं लिहिणं थांबलं. "हे लिहून द्याल?"

"देते."

तिनं सही केली. परेश कागद घडी घालत धनेशला म्हणाला, "चांगला पट्टा असून तुम्ही मुद्दाम बांधला नसता, तर तुमचा दावा अडला असता. बरं झालं, या बोलल्या." मग किशोरीकडे वळला. "तुम्हाला मात्र कंपनी जाब विचारेल. निर्णय वरून येईल."

पुढचे नऊ दिवस किशोरीनं फोन हातातून खाली ठेवला नाही. दहाव्या दिवशी दुपारी तो वाजला. दावा मंजूर झाला होता. उपचाराचा सगळा खर्च, शिवाय धनेश बरा होईपर्यंत त्याचा अर्धा पगार कंपनी देणार होती. तिला लेखी ताकीद मिळाली होती, पण ती तिनं नीट ऐकलीसुद्धा नाही. स्कूटर काढून ती सुसाट निघाली.

ठमी दारातच भेटली. किशोरी स्कूटरवरून उतरता उतरताच म्हणाली,

"मंजूर झालं, ठमी. सगळं."

ठमीनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. आतून धनेशचा आवाज आला, "वैनी, मंग वाडी विकायची न्हाय ना?"

"वाडी कुठं जातेय? उरलेला अर्धा पगार मी देणार. तू नीट चालायला लाग."

धनेश हसत हसत उठून बसायला गेला. ठमी त्याच्यावर ओरडत आत धावली.