क्यू कुणाला द्यायचा

"टॉक्," महेश्वरीनं जीभ टाळूला चिकटवून सोडली. उमाशंकरनं पुन्हा म्हण असं खुणावलं.

"टॉक्. अण्णा, आता बास की. म्या दमले."

लोहाऱ्याच्या वसतिगृहात दिवसभर भाकरी थापून ती जळकोटला भावाकडं आली होती. घशाच्या ऑपरेशनात त्याचा आवाज गेला होता. आता तो जुन्या बटणांच्या फोनवर मेसेज लिहायचा. त्यात नुसती इंग्रजी अक्षरं, आणि लिहिलेलं सगळं त्याचा मुलगा उत्कर्ष काळजीपोटी वाचायचा. म्हणून बहीणभावांनी लहानपणची बोली उकरून काढली होती. घरात कानडी, गावात मराठी. मोठ्यांना दोन्ही कळायच्या. शेंगा तोडता तोडता या दोघांनी तिसरीच रचली होती. ती कधी कुणी लिहिली नव्हती, म्हणून आता तिच्या एकेका आवाजाला फोनवरचं एकेक अक्षर ठरवत होते.

"ल ला एल दिला. मग ळ ला?"

त्यानं डब्ल्यू दाबला.

"आन् टॉक् ला?"

क्यू.

"बरं. तसाबी त्यो रिकामाच बसलेला असतोय."

तो हसला. ऑपरेशनात गळ्याला पाडलेल्या भोकातून शीळ वाजली.

एक आवाज मात्र तिला आठवेना. त्यानं ओठांचा आकार करून दाखवला. नुसता वारा आला. तिनं चार तऱ्हांनी करून पाहिला. दर वेळी तो मान हलवत राहिला. शेवटी त्यानं एक्स दाबला आणि हातानंच 'जाऊ दे' म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सोलापूरला पुन्हा रेडिएशनचा शेक द्यायला न्यायचं ठरलं. सोबतीला म्हणून महेश्वरी आली. दारात जीप उभी होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मेसेज शेजारीच बसलेल्या अण्णाचा होता. ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत तिनं वाचला : मला आता जायचं नाही. मी म्हणालो असं पोराला सांगू नको.

"काय म्हंतेत अप्पा?" उत्कर्षनं विचारलं.

"काय न्हाय." तिनं फोन पदराखाली धरला. "म्या सांगते उत्कर्ष, आता नगं नेऊस त्याला."

"डाक्टर म्हनले फरक पडंल म्हणून! आत्या, तुमाला भाऊ जड झाला का?"

"व्हय. तसंच समज."

उत्कर्षनं बापाकडं पाहिलं. तो जागचा उठला नाही. मग उत्कर्ष बाहेर गेला आणि जीपवाल्याला परत पाठवून आत्याकडं न बघता रानाच्या वाटेला लागला.

उमाशंकर इस्त्रीच्या शर्टाची बटणं सोडू लागला. दोन सुटली, तिसरं सुटेना. महेश्वरी त्याच्यापुढं बसली आणि उरलेली तिनं सोडली.