छपराखालची मुंबई

लवू तावड्यानं बेत आठ दिवस आधीच पक्का केला होता. सकाळी राणीचा बाग, दुपारी गेटवे, संध्याकाळी चौपाटीवर भेळ. आणि नेमका रविवारी पहाटेपासून पाऊस जो कोसळायला लागला, तो थांबायचं नाव घेईना! परळच्या नाक्यावर गुडघाभर पाणी, आणि छत्रीखाली सुभद्राआतेचा चेहरा असा, की पाऊस जणू लवूनंच मागवलाय.

ही सुभद्राआते म्हणजे राधाची आत्या. आईबापाविना राधाला तिनंच वाढवलेलं. लवूनं राधाला मागणी घातली तीही अट घालून. बायको गावी ठेवणार नाही, मुंबईत आपल्याबरोबर ठेवणार. आता गिरणीतल्या माणसानं बायको गावी ठेवायची आणि शिमग्या-गणपतीला जाऊन भेटायची, हा कोकणातला शिरस्ता. हाच कोण टिकोजीराव लागून गेला? तेव्हा आते भातलावणी टाकून, एस्टीचे धक्के खात, जन्मात पहिल्यांदा मुंबईला आली. तिला पसंत पडलं तर राधा लवूची. नाही पडलं, तर कुडाळचा एक मास्तर बाशिंग बांधून तयारच होता. रविवारी सकाळी आते एस्टीतून उतरली, सोमवारी सकाळी परत निघणार. म्हणजे लवूच्या हातात हा एकच दिवस.

त्यानं डोकं खाजवलं. उघड्यावरची मुंबई गेली पाण्यात, मग छपराखालची दाखवू! मुंबईत छपरांना काय तोटा?

पहिलं गाठलं मत्स्यालय. लवू मुद्दाम शुद्ध बोलत होता, कोटातल्या कारकुनासारखं. "आत्याबाई, हे पाहा, किती नाना तऱ्हेचे मासे!"

आते काचेला नाक लावून एका जाडजूड माशाकडे बघत राहिली. "ह्यो गोबरो. हेका कोकम जास्त लागता." पुढच्या पेटीपाशी तिनं आणखी एकाची आमटी सांगितली, तिसऱ्याला तर नाकच मुरडलं. "काटेच काटे." मग एकदम थबकून म्हणाली, "म्हणजे तिकीट काढून मासे बघूचे नि खाऊचे नाय? काय रे तुमची मुंबय!" आजूबाजूचे लोक हसायला लागले. लवूला वाटलं, काचेच्या पेटीत आपणच शिरावं.

मग म्युझियम. आतेनं वहाणा बाहेर काढल्या, त्या कुणी नेऊ नयेत म्हणून लवूला बगलेत धराव्या लागल्या. आत दगडाचे देव ओळीनं उभे. आतेनं प्रत्येकाला हात जोडले, एकेकाला सावकाश. एका देवाला हातच नव्हते. आते चरकली. खाकीतल्या पहारेकऱ्याला गाठून म्हणाली, "भंगलेलो देव घरात ठेवनत नाय रे बाबा, पाण्यात सोडतत. भायर एवढा पाणी साचलाहा, सोडा की!" पहारेकरी लवूकडे बघायला लागला, लवू छताकडे.

बोरीबंदरचं स्टेशन दाखवलं. घुमट बघून आतेनं विचारलं, "हय कोण रवता?" कुणी राहत नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रसच गेला.

परतीच्या ट्रामला लालबागला मोर्चा आडवा आला. छत्र्या नाहीत, काही नाही, माणसं भिजत ओरडत होती, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

"ह्येंका काय व्हया?" आतेनं विचारलं.

"मुंबई आपल्याला हवी म्हणतायत."

"अगो बाय! म्हणजे अजून आपली नाय? आणि तू माका सकाळपासून दाखयतंस ती कोणाची?"

दिवस हातचा चालला होता आणि लवूला कुडाळचा मास्तर दिसायला लागला. तो घाईघाईनं म्हणाला, "आत्याबाई, जवळच एक मोठं थेटर आहे, तिथे..."

"पुरे!" आते कडाडली. "दुसऱ्यांची छपरां दाखयतंस कित्याक? तुझां छप्पर खंय असा? अरे, मी लावणी सोडून आषाढात कित्याक इलंय? मुलगी देवची तर घर पावसात बघूचां. उन्हात सगळीच घरां बरी दिसतत."

हे लवूला सुचायला हवं होतं. त्याच्या आईनंही थोरल्या बहिणीचं सासर असंच आषाढात बघितलं होतं. मुंबईची हवा लागली आणि गाढव साफ विसरला!

छप्पर होतं चाळीच्या सगळ्यात वरच्या, तिसऱ्या माळ्यावर. खोली भिवाची, लवूच्या गाववाल्याची. पडदा लावून अर्धी खोली तो लवूला देणार होता, हे लवूनं जिना चढता चढताच आतेला सांगितलं. दार उघडलं तेव्हा भिवाची बायको लक्ष्मी टोप, तांब्या, परात, जे मिळेल ते गळतीखाली मांडत होती. दाराकडचा अर्धा भाग नुसता टपटपत होता. खिडकीकडचा कोरडा.

आतेनं पदर खोचला. "ह्यातली तुझी अर्धी खंयची?"

लवूच्या तोंडून शब्द फुटायच्या आत भिवानंच खिडकीकडे बोट केलं. "ती, कोरडी. लवूचीच ती." लक्ष्मीनंही मान हलवली. देवमाणसं! लवूनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी काम फत्ते होतं. हो ओठांवर आलाही होता. पण पुढच्या आषाढात राधा इथे परात धरून बसेल तेव्हा तिला काय सांगणार?

"नाय गे आते," तो म्हणाला, आणि शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "भिवा खोटा सांगता. माझी ही. गळकी. दुसरी जागा माझ्याकडे नाय. पण राधा माका हय व्हयी."

आते गळक्या बाजूला गेली, तांब्या सरकवून जागा केली आणि भिंतीला टेकून बसली. थेंब तिच्या खांद्यावर पडत होते, तिनं पुसले नाहीत.

"तुळशीचा लगीन झाला की तुमचा," ती म्हणाली. "राधाक धाडतंय."

लवूला खरंच वाटेना. "आते, पण ह्या असल्या गळक्यात..."

"माझो घोव पंचवीस वर्सां हयच गिरणीत हुतो," आते म्हणाली. "दर सालाक लिवी, जागा गळता, फुडल्या वर्साक तुका न्हेतंय. फुडला वरीस काय इला नाय, तोच गेलो." तिनं भरलेला तांब्या उचलून मोरीत ओतला आणि परत होता तिथे ठेवला. "मी गळक्यात रवलंय असतंय रे. माका कोणी इचारल्यानच नाय."