धाबळीतला लॅपटॉप

काशीत रामघाटावरच्या त्या अरुंद गल्लीत शुक्रवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. वासुदेवशास्त्र्यांच्या चौकात माणसं दाटीवाटीनं उभी, जिन्यावर पोरं, खिडकीला बायका, आणि मधोमध पाटावर एक मेलेला लॅपटॉप. त्याच्यासमोर यंत्रेश्वर महाराज डोळे मिटून बसले होते.

"ई डिब्बा मरा नहीं है," महाराजांनी एक डोळा उघडला. "रूठा है. इसकी आत्मा ऊपर अटकी है, नेटवर्क और कैलास के बीच में."

माणसांनी माना डोलावल्या. नेटवर्क अडकतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

लॅपटॉप सकाळी बंद पडला होता. शास्त्रीबुवा रोज सात वाजता त्याच्यासमोर बसून नाशिक-हैदराबादच्या अकरा विद्यार्थ्यांना रुद्र शिकवत. ऐन तिसऱ्या अनुवाकात पडदा काळा झाला. त्यांच्या मुलानं, अनिमेषनं, बटण वीस वेळा दाबलं आणि कपाळाला हात लावून बँकेत निघून गेला. तेवढ्यात शेजारच्या प्रेमलाकाकू धावत जाऊन महाराजांना घेऊन आल्या. गल्लीच्या पायऱ्या चढेपर्यंत काकूंचं तोंड चालूच होतं, हे सून अंतरानं खिडकीतून पाहिलं होतं.

आता ती तीन वर्षांच्या मैत्रेयीला कडेवर घेऊन दारात उभी होती. मैत्रेयीला दमा; रोज औषधाचा पंप ओढावा लागे. पोरीची छाती जराशी वाजली की अंतरा नकळत श्वास मोजायला लागे. स्वयंपाक करताना, फोनवर बोलताना, कुठेही.

"तार निकालो," महाराज म्हणाले. "तार माया है." कुणीतरी चार्जर उपटला. महाराजांनी उजवा अंगठा बटणावर टेकवला. "ई इसकी नाभि है." आणि घनगंभीर आवाजात मंत्र सुरू केला. एकदा, दोनदा, तीनदा. अंगठा ढळला नाही. मग चार्जर परत लावायला सांगून त्यांनी नाभी हलकेच दाबली. पंखा घुर्र झाला. पडदा उजळला.

"हर हर महादेव," चौक दुमदुमला. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अंतराच्या तोंडून कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू निघालं, "सोळा." मंत्र चालला तेवढ्यात मैत्रेयीनं सोळा श्वास घेतले होते. म्हणजे अर्धं मिनिट, धरून चालायला हरकत नाही.

महाराज उठले नव्हते. "इस घर में किसी की साँस बंधी है," ते छताकडे पाहत म्हणाले. "बच्ची की?" सगळे वळून अंतराकडे बघायला लागले. "कोई पंप चलता है घर में. जितनी हवा बच्ची खींचती है, उतना प्राण घर से जाता है. आज डिब्बा गया. कल कौन जाएगा, भोलेनाथ जानें. सोमवार को पंप गंगाजी को दे दो."

गेल्या जानेवारीत धुक्यामुळे रिक्षा मिळेना, तेव्हा निळ्या ओठांच्या पोरीला छातीशी धरून ती पायी दवाखान्यापर्यंत धावली होती.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "अनिमेष, पंप कुठेही जाणार नाही."

"अगं, एक आठवडा बघू. अप्पांच्या मनाचं समाधान."

"तुझ्या अप्पांचं समाधान पोरीच्या फुप्फुसातून काढायचं का?"

अनिमेष वरणभात कालवत बसला. अप्पा आतून म्हणाले, "सूनबाई, डोळ्यांनी पाहिलंय मी. काय खोटं म्हणू?"

डोळ्यांनी तर तिनंही पाहिलं होतं. तिनं पंप तांदळाच्या डब्यात खोल पुरला.

रविवारी सकाळी रुद्राच्या चौथ्या अनुवाकात लॅपटॉप पुन्हा गेला.

अंतरा देवघराच्या दाराशी आली तर अप्पा सोवळ्यात हताश बसलेले. सोवळ्यात परक्या वस्तूला शिवायचं नाही, पण लोकरीला दोष नाही. म्हणून अप्पा लॅपटॉप जुन्या धाबळीत नीट गुंडाळून पाटावर ठेवत. पडदा तेवढा बाहेर, बाकी सगळं धाबळीच्या आत, तान्ह्या बाळासारखं. वर्ग दीड तासाचा. अंतरानं धाबळीची घडी उचलली आणि हात मागे घेतला. पोळी भाजता आली असती.

"शिवू नकोस," अप्पा म्हणाले. "महाराज चारला येतायत. आधी तू पंप काढून दे."

ती खोलीत आली आणि फोनवर लॅपटॉपच्या कंपनीची मदत-पुस्तिका उघडली. 'सुरू होत नसल्यास' या मथळ्याखालचा पहिलाच उपाय तिनं दोनदा वाचला. मग एकटीच हसली. मग पुन्हा काळजीत पडली, कारण उपाय वाचणं वेगळं आणि चाळीस माणसांपुढे तो लागू पडणं वेगळं. नाही चाललं तर पंप गेलाच.

चारला चौक भरला. महाराजांनी चार्जर काढवला, अंगठा पुढे केला.

"महाराज," अंतरा पुढे आली, "एक विनंती. मंत्र तीनदा म्हणा, अकरा वेळा म्हणा. फक्त अंगठा लावू नका."

"अंगूठे से शक्ति उतरती है, बेटी."

"मंत्राची शक्ती अंगठ्यावाचून अडते?" हे अंतरा नव्हे, अप्पा बोलले. साठ वर्षं मंत्र म्हणणाऱ्या माणसाला तो प्रश्न आतून टोचला होता. "म्हणा तुम्ही. आम्ही तर अंगठा न लावताच म्हणतो."

महाराजांनी मंत्र म्हटला. अकरा वेळा. चार्जर जोडून बटण दाबलं. पडदा काळाच.

"आता मी," अंतरा म्हणाली. तिनं तार काढली, अंगठा बटणावर घट्ट दाबला आणि त्याच घनगंभीर आवाजात सुरू केलं, "परवल अर्धा किलो, दोडकी पाव किलो, कोथिंबीर एक जुडी, आलं, हिरवी मिरची, लिंबं चार..."

जिन्यावरची पोरं फिदीफिदी हसायला लागली. अनिमेषनं मान खाली घातली. अंतरानं यादी सोडली नाही. तीन वेळा भाजी आणून झाल्यावर तिनं बोट काढलं, तार जोडली, बटण एकदा दाबलं.

एक क्षण काहीच झालं नाही. मग पंखा घुर्र झाला.

महाराज सावरले. "देखा, मेरी ही शक्ति बेटी के हाथ में..."

"आणि दोडक्यात?" अप्पांनी विचारलं. चौक खदखदून हसला. हसू ओसरेपर्यंत महाराज झोळी उचलून पायऱ्यांपर्यंत पोचले होते.

"मशीन बंद पडलं तरी आत थोडी वीज अडकून राहते," अंतरा सांगू लागली. आता तिचा आवाज घरातला झाला होता. "तार काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की ती निघून जाते आणि मशीन नव्यानं सुरू होतं. कंपनीनंच लिहिलंय, हे बघा. मंत्र म्हणजे नुसतं घड्याळ होतं. आणि बंद पडत होतं ते धाबळीनं. खालच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायची, ती अप्पा लोकरीत कोंडत होते. पंपाचा काही संबंध नाही."

अप्पांनी धाबळी उचलून हातात घेतली. "म्हणजे मीच त्याचा श्वास कोंडला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, अप्पा."

"माहीत नव्हतं म्हणून विचारायचं असतं. मी विचारलं कुणाला, तर ज्याला माझ्याहून कमी माहीत त्याला." ते अनिमेषकडे वळले. "उद्यापासून उघड्या स्टुलावर ठेव, आणि बटण तू दाब. सूनबाई, पोरीचं औषध घेऊन ये. वेळ झाली ना?"

गर्दी पांगली. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे कारण कळलं असं नव्हे, हे ज्याचं त्यानं घरी न्यायचं. लॅपटॉप बिघडला तर फार तर एक वर्ग बुडतो. पण एका चमत्काराला मान डोलावली की दुसऱ्यावर प्रश्न विचारायची लाज वाटू लागते, आणि तो दुसरा थेट औषधाच्या कपाटाशी येऊन उभा राहतो. म्हणून पहिल्यालाच विचारावं: हे काढून घेतलं तर होईल का? अंगठा काढला तर?

चौकात प्रेमलाकाकू तेवढ्या राहिल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"अंतरा," त्या हळूच म्हणाल्या, "महाराजांनी मला बीपीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यात. मंगळवारपासून घेतल्या नाहीत मी. डोकं जड आहे गं सकाळपासून."

अंतरानं मैत्रेयीला अप्पांच्या मांडीवर दिलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चला काकू, आत्ताच दाखवून येऊ. मी येते बरोबर."