साहेबांची पहिली खेळी

हिंगोलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत जो जिंकेल, तो हैदराबादला खेळायला जाणार होता. मार्तंडराव कारकून लागोपाठ दोन साल अंतिम डाव हरले होते, तेही एकाच माणसाकडून, गोरेगावच्या उद्धवकडून. या साली त्यांनी पुण्याहून पुस्तक मागवलं आणि एकच सुरुवात घोटून घोटून पाठ केली: आधी राजापुढचं प्यादं, मग घोडा, मग उंट. अंतिम डाव पुन्हा उद्धवशीच होता, पण पांढऱ्या सोंगट्या, म्हणजे पहिली खेळी, मार्तंडरावांच्या वाट्याला आल्या. तारानं, त्यांच्या बायकोनं, प्रवासाच्या दशम्यांचं पीठसुद्धा दळून ठेवलं होतं.

पण आपल्याकडं पाहुण्याचा हात लागल्याशिवाय काही सुरू होतं का? हैदराबादहून दौऱ्यावर आलेल्या बड्या सरकारी साहेबांना आयोजकांनी हार घातला आणि पहिली खेळी करायची विनंती केली. साहेबांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी हाताशी आलेलं, कोपऱ्यातल्या हत्तीपुढचं पांढरं प्यादं एक घर सरकवलं. टाळ्या पडल्या. इतकी बिनकामाची खेळी शोधून सापडली नसती, पण साहेबांना ती मागं घ्या म्हणायची छाती कोणाची? मार्तंडरावांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांचं पुस्तक तिथंच मिटलं.

गंमत पुढंच आहे. उद्धव त्या प्याद्याकडं टक लावून बसला.

"येवढा मोठा माणूस उगाच कशाला खेळंल? कायतरी डाव असंलच," असं पुटपुटत त्यानं आपला वजीर, घोडे, उंट सगळे त्या कोपऱ्याच्या बंदोबस्ताला धाडले. प्यादं बिचारं जागचं हललं नाही. तिकडं उद्धवचा राजा उघडा पडला आणि मार्तंडरावांनी पाठ केलेलं सगळं सोडून, स्वतःच्या डोक्यानं खेळून मात दिली.

साहेब उठून उभे राहिले.

"देखा? पहली चाल में ही फ़ैसला हो गया था!"

आयोजकांनी माना डोलावल्या. ते त्यांना बुद्धिबळापेक्षा बरं जमायचं. विजेत्याची ढाल साहेबांना मिळाली, आणि हैदराबादला कोण जाणार हेही ओघानंच ठरलं. मार्तंडरावांना साहेबांच्या गळ्यातला उतरवलेला हार मिळाला. मला आजही याचा संताप येतो.

बाहेर आल्यावर मार्तंडरावांचे डोळे भरून आले. उद्धवनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडून काहून राहिले, मार्तंडराव? म्या तुमच्याकून हरलो, साहेबाकून न्हाई. साऱ्यायला ठावं हाय."

पण हे बोलायच्या आधी, मागं कोणी ऐकत तर नाही ना, हे त्यानं नीट पाहून घेतलं होतं.