देवयानीच्या दोन पदव्या आणि मी टेबलफॅन

खडखड ऐकू आली ना, मित्रांनो? घाबरू नका, मी मोडलेलो नाही. मी एक जुना टेबलफॅन आहे, लोखंडी जाळीचा, हिरव्या पात्यांचा. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात राहतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते विचारू नका. तिथे आम्ही शेकडो भाऊ होतो, कोण कुठे गेला त्याचा पत्ता नाही. मुकुंदराव नावाच्या एका तरुण मास्तरांनी मला दुकानातून उचललं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि घरी आणलं. त्यांच्या बायकोने, अनसूयाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. अहाहा, काय तो थाट होता!

मुकुंदराव शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना एकुलती एक मुलगी, देवयानी. लहानपणी ती माझ्यासमोर बसून लांबलचक 'आऽऽ' करायची आणि आवाज थरथरला की खदाखदा हसायची. मग बाबांना विचारायची, "असं का होतं?" ते म्हणायचे, "तूच शोध की." एकदा तर बापलेकीने मला पार उघडलं आणि पुन्हा जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला. माझी खडखड तेव्हापासूनची. पुढे छताला पंखा लागला आणि मला माळ्यावर टाकलं. काय वाटलं असेल मला, सांगा! पण बारावीच्या वर्षी देवयानीनेच मला खाली उतरवलं. माझ्या आवाजाशिवाय तिला अभ्यास सुचत नव्हता म्हणे.

बारावीनंतर तिने अभियांत्रिकी भौतिकी घेतली. हा अभ्यासक्रम दोन विद्यापीठांचा होता. पहिली तीन वर्षं इथे सोलापुरात, पुढची दोन जर्मनीत, आणि सगळं पार पडलं की दोन्हीकडच्या पदव्या एकदम हातात. मुकुंदराव पेठेत भेटेल त्याला थांबवून हे समजावून सांगायचे. मात्र नवराबायकोने एक गोष्ट मनात घट्ट धरली होती. एक पेपर हुकला की दोन्ही पदव्या गेल्या! हे त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. देवयानीला त्यांनी कधी विचारलं नाही.

देवयानी जर्मनीला गेली. रविवारी दुपारी मोबाईलवर तिचा चेहरा उमटायचा आणि मुकुंदराव खुर्ची पुढे ओढायचे. "आज काय शिकलीस? मला कळेल असं सांग बघू." मग ती प्रकाशाबद्दल, केसाहूनही पातळ काचेबद्दल काहीबाही सांगायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण मास्तरांचं तोंड पाहून बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मुकुंदरावांचं हृदय थकलं. आधी जिना चढताना धाप लागायची, मग नुसतं बोलतानाही. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. घरी येताच त्यांनी बजावलं, "देवूला कळता कामा नये. पेपर टाकून धावत येईल ती. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि मित्रांनो, ती मूठ झाकायला त्यांनी मला वापरलं! रविवारी फोन आला की मला मोबाईलला खेटून ठेवायचे आणि जोरात लावायचे. धाप ऐकू जाऊ नये म्हणून. चेहरा दिसू नये म्हणून 'नेट चालत नाही' असं सांगायचे.

"आई, ऐन थंडीत पंखा कशाला?" देवयानीने एकदा विचारलं.

"अगं, डास फार झालेत," अनसूयाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. माझं बटण माझ्या हातात असतं तर मी तिथल्या तिथे बंद पडलो असतो.

घरात धुणंभांडी करायला मैंदर्गीची महादेवी यायची. तिला राहवलं नाही. "अवो वैनी, पोरीला सांगा की. बाप हाय तिचा. मागनं लई वंगाळ वाटतंय बगा."

"परीक्षा तोंडावर आलीय गं," अनसूयाबाई म्हणाल्या.

परीक्षा सुरू झाली. एका सकाळी मुकुंदराव कसेबसे म्हणाले, "अनू, देवूला बोलव आता."

"बोलावते हो," म्हणत अनसूयाबाई मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी दारातल्या स्टुलावर होतो, मला सगळं दिसत होतं. त्यांनी नंबर काढला, पाहिला आणि मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला. "दोनच पेपर राहिलेत, महादेवी. एवढी कळ काढली की झालं." बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "कळवलंय."

तेव्हापासून मुकुंदरावांची नजर दारावर. गल्लीत रिक्षा थांबली की मान उचलायचे. रिक्षा पुढे गेली की मान टाकायचे. शेवटचा पेपर होता त्याच दिवशी ते गेले. पुतण्याने, अनीशने, अग्नी दिला. देवयानीला फोन गेला तो पेपर संपल्यावर.

ती आली. बाबांच्या रिकाम्या कॉटवर बसली. खूप रडली, मग म्हणाली, "आई, पेपर चुकला असता तर उन्हाळ्यात परत देता आला असता."

अनसूयाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "दोन्ही पदव्या जातात ना?"

"काही जात नाही गं! मला विचारायचं तरी." मग तिने हळूच विचारलं, "बाबांनी माझी आठवण काढली होती?"

"बोलव म्हणाले. मी म्हटलं, कळवलंय." अनसूयाबाईंनी कॉटवरची चादर सारखी केली. "दाराकडेच बघत होते गं."

"म्हणजे बाबांना वाटलं असेल, बोलावूनही मी आले नाही."



दोन्ही पदव्या मिळाल्या. त्या कपाटात आहेत. मित्रांनो, गोष्ट संपताना आम्ही वस्तू तेलपाण्याची विनवणी करतो. मला ते नको. उद्या तुम्ही लांब शिकायला जाल, तेव्हा निघण्याआधी घरच्यांकडून वचन घ्या. म्हणावं, काही झालं तर मला खरं सांगा, यायचं की नाही ते मी ठरवेन. मुकुंदरावांचे डोळे दाराकडे लागले होते, आणि देवयानी तिकडे त्यांनीच गोडी लावलेल्या विषयाचा पेपर लिहीत होती.