कारिवण्याचं जेल

विचुंब्याच्या त्या दुमजली घरात दोन जावा राहत होत्या, आणि नणंदेच्या लग्नापासून त्यांच्यात शब्दही उरला नव्हता. कारण धाकट्या जावेच्या, कीर्तीच्या, गालांवरच होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी थोरल्या जावेने, मोनालीने, खालच्या गाळ्यातल्या आपल्या पार्लरमध्ये तिला आग्रहाने खुर्चीत बसवलं आणि कुठलंसं ब्लीच थापलं. "ताई, जळतंय," कीर्ती म्हणत राहिली. "उजळायचं तर थोडं जळणारच गं," म्हणत मोनाली फोनवर गप्पा मारत राहिली. तोंड धुतलं तेव्हा गाल भाजलेल्या वांग्यासारखे सोलले होते. हळदीत कीर्ती पदराआड बसली. मोनालीने बायकांना सांगून टाकलं, "तिची कातडीच नाजूक हाय. त्यात माजा काय दोष?"

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी घरातली सगळी क्रीमं बंद करायला लावली आणि एक ट्यूब लिहून दिली.

"यात सेंटेला आहे, म्हणजे आपला कारिवणा. ओलीच्या जागी पसरतो, गोल पानांचा. कोणी त्यालाच ब्राह्मी म्हणतं. आग शमवतो, त्वचेला सावरायला मदत करतो. गोरं मात्र करत नाही, आणि उन्हात फिरलात तर त्याचाही उपयोग नाही."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं कीर्तीने पाळलं. हळूहळू खपल्या गेल्या, लाली ओसरली. आरशात बघताना तिला पुन्हा धीर होऊ लागला.

मग एके दुपारी तिच्या बहिणीचा, भामाचा, फोन आला. "तू मोनालीच्या जाहिरातीत कशी?"

कीर्तीने व्हिडिओ उघडला. एका बाजूला हळदीत पदर सरकला तेव्हा टिपलेला तिचा सोललेला चेहरा, दुसऱ्या बाजूला आत्ताचा. सोबत मोनालीचा लाडिक आवाज: "कारिवण्याचं जेल! आमच्या घरातलाच अनुभव!"

ती तशीच जिना उतरली. खुर्चीत एक मुलगी तोंडाला हिरवं जेल लावून बसली होती.

"ताई, तो व्हिडिओ काढा."

"का? पान तर तेच हाय ना? तुला बरं वाटलंच की."

"बरं डॉक्टरांच्या औषधाने वाटलं. भाजलं याच खुर्चीत. तुमच्या हातानं."

मुलीने मान वळवली. "म्हणजे? या जेलमध्ये नक्की काय आहे?"

"सगळं नॅचरल हाय," मोनाली म्हणाली.

"सगळं म्हणजे काय?" मुलीने पुन्हा विचारलं. मोनालीने डबी उलटीसुलटी केली. तिच्यावर नाव आणि पानाचं चित्र, एवढंच होतं. मुलगी उठली, तिने बेसिनवर खसाखसा तोंड धुतलं आणि ती चालती झाली.

"माज्या पोटावर पाय देतेस, भिकारडे!" मोनाली किंचाळली.

आवाज ऐकून सासू, गुणाबाई, धावत आली ती कीर्तीवरच. "घरातली गोष्ट बाजारात मांडलीस!"

"बाजारात माझं तोंड मांडलंय, आई. मला न विचारता."

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ निघाला, तोही भामाने खाली खरं काय ते लिहिल्यावर. मोनालीने माफी मागितली नाही. उलट जिन्यात कीर्ती दिसली तशी ती थुंकली.

कामावरून आलेला कीर्तीचा नवरा कल्पेश बायकोलाच समजावू लागला. "वहिनीची माफी माग. नायतर घर फुटंल."

"फुटू दे," कीर्ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने वरच्या मजल्यावर वेगळी शेगडी लावून घेतली.