पेडणेकरांचं पापलेट

लहू पेडणेकरांना आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा मोह झाला, आणि त्यांतली एक होती पापलेट. खायचं नव्हे. खायचं पापलेट त्यांच्या परळच्या घरी अधूनमधून येई आणि ते मुकाट्याने खात. हे पापलेट पितळेचं होतं. वर चांदीचा मुलामा, एक गोल डोळा, अंगावर बारीक खवले, आणि पाठीमागे कोरलेला क्रमांक. तळहातावर ठेवलं की वाटे, आता उडी मारणार.

ते त्यांना भोईवाड्यात भेटलं, एका भिंतीच्या भोकात.

त्याचं असं झालं. पेडणेकर गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर दिवसभर काय शोधायचं हा प्रश्न पडला, तेव्हा पुतणीने त्यांच्या फोनमध्ये एक खेळ घालून दिला. जिओकॅशिंग त्याचं नाव. कोणीतरी शहरात एखादी डबी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. बाकीच्यांनी फोन हातात धरून ती हुडकायची, आतल्या चिठोरीवर आपलं टोपणनाव (पेडणेकरांचं होतं 'मुद्रितशोधक') लिहायचं आणि डबी होती तिथे ठेवून द्यायची. लाजऱ्या माणसासाठीच काढलेला खेळ. कोणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. उलट कोणी बघतंय असं वाटलं तर खाली वाकून बुटाची नाडी बांधायचं सोंग करायचं असतं. पेडणेकर चपला घालत. तरी नाडी बांधत.

या खेळातले शौकीन लोक स्वतःची नाणी पाडून घेतात. बाजारात त्यांना कवडीची किंमत नाही. काही नाणी डबीतून डबीत प्रवास करत राहतात, सापडली तरी ठेवून घ्यायची नसतात, पुढच्या डबीत पोचवायची असतात. काही मात्र हातोहात बदलतात. तुझं मला, माझं तुला.

भोईवाड्यातलं पापलेट होतं प्रवासातलं. पेडणेकरांनी डबी उघडली, ते एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होतं, आणि पेडणेकर हसले. फुटपाथवर, एकटेच, मोठ्याने. एक बाई मुलीला घेऊन पलीकडच्या फुटपाथवर गेली. पेडणेकरांना स्वतःच्या हसण्याचा आवाज इतका अनोळखी वाटला की आपल्या मागे कोण हसतंय म्हणून त्यांनी वळून पाहिलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वडाळ्याच्या एका डबीत नेऊन ठेवलं, आणि घरी परतताना त्यांना पोरीला सासरी पाठवून आल्यासारखं झालं.

तेव्हापासून त्यांना स्वतःचं पापलेट हवं होतं. कायमचं, बदलीतलं.

पण ही पापलेटं पाडून घेणारी आणि बदलीत देणारी होती प्रिया. माहीमच्या कोळीवाड्यातली, नोकरीने रेल्वेत तिकीट तपासनीस. दिवसभर लोकांच्या सबबी ऐकून ऐकून तिचं हसू आटलं होतं, असं सगळे म्हणत. म्हणूनच की काय, तिने एक नियम केला होता: ज्याचं नाणं मला पोटातून हसवेल, त्यालाच माझं पापलेट. कोणी वडापावच्या आकाराचं नाणं आणलं, कोणी डबलडेकरच्या. प्रिया ती उलटसुलट करून बघे, छान आहे म्हणे, आणि परत देई. आजवर एकाचीही डाळ शिजली नव्हती.

पेडणेकरांना वाटलं, आपल्याला विनोद जमायचा नाही. पण निदान नाणं तरी असावं. त्यांनी महिनाभर विचार करून मजकूर ठरवला: शोधा म्हणजे सापडेल. मुद्रितशोधकाला शोभेल असा, गंभीर, निर्दोष. मध्ये स्वतः काढलेलं चित्र. वळणावळणाने वर गेलेली वाट आणि शेवटी तिला फुटलेले दोन फाटे. माणसाने कोणता निवडावा, असा त्यात अर्थ होता.

हे सगळं कागदावर उतरवून ते लालबागला अजितकडे गेले. अजितचं दुकान बिल्ल्यांचं आणि करंडकांचं. गणपती तोंडावर आलेले, आणि दुकानात मंडळांच्या पोरांची ही झुंबड. कोणाला 'कार्यकर्ता' हवा होता, कोणाला 'स्वागताध्यक्ष'. या खेळाची, त्यातल्या प्रवासाची माहिती अजितला सांगावी म्हणून पेडणेकर घरून वाक्यं जुळवून गेले होते. मागून कोणीतरी "काका, जरा आटपा" म्हणालं आणि वाक्यं विरघळली. ते एवढंच म्हणाले, की बिल्ल्यासारखंच, पण टाचणी नको. आणि अक्षरं जरा मोठी, मला दिसतील अशी.

चार दिवसांनी अजितने काउंटरवर नमुन्याचा कागद सरकवला. पेडणेकरांनी चष्मा वर केला, खाली केला. 'शोधा म्हणजे साप' इथवर वाचलं. पुढचं 'डेल' पलीकडच्या कडेला असणार. मागे तीन मंडळं उभी होती. जन्मभर अनुस्वारासाठी लेखकांशी भांडलेला माणूस, तिथे मात्र कागद फिरवून बघायची त्याला लाज वाटली. ते म्हणाले, "ठीक आहे."

नाणी आली. जड, सुरेख, पिवळीधमक. एका बाजूला, काठाने, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: शोधा म्हणजे साप. मध्ये ती वळणावळणाची वाट.

पेडणेकरांनी हळूच नाणं उलटलं. मागे मधोमध, त्याच ठसठशीत अक्षरांत: डेल. खाली लहू पेडणेकर, परळ.

अजितचं म्हणणं असं पडलं, की काकांनीच अक्षरं मोठी मागितली. मोठी केल्यावर पुढे मावली तेवढी पुढे घातली, उरली ती मागे. शब्द तर कुठे चुकला नाही. तो अगदी मनापासून म्हणाला, "पलटी मारा ना काका. मागे आहे की तुमचं डेल."

दुपारी घरी पिशवी उघडली तेव्हा त्यांच्या पत्नी लतिकाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी एक नाणं उचललं, पदराला पुसलं आणि खिडकीशी धरलं.

"काय ओ, नागपंचमी होऊन गेली, आता ह्यो साप कशाक?"

"साप नाही तो. वाट आहे."

"वाट? मगे तिका जीभ कशाक?"

पेडणेकरांनी पाहिलं. दोन फाटे जिभेसारखेच दिसत होते. ते खुर्चीत बसले. लतिकाबाईंना मात्र शेंगा सोलवेनात. त्या थांबायच्या, नाण्याकडे बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. शेजारच्या शांतावहिनींना हाक मारून त्यांनी एक नाणं दाखवलं. शांतावहिनींनी ते श्रद्धेने कपाळाला लावलं.

रविवारी नाणेवाल्यांचा मेळावा होता, दादरच्या पारशी कॉलनीजवळच्या फाइव्ह गार्डनमध्ये. पेडणेकर आजवर एकाही मेळाव्याला गेले नव्हते, आणि आता तर जायचं नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं. घसा धरलाय असं त्यांनी सांगितलं. लतिकाबाईंनी आल्याचा काढा दिला. गुडघा दुखतोय असं सांगितलं. त्यांनी टॅक्सी केली. बागेच्या फाटकाशी पेडणेकर शेवटचं म्हणाले की लोक हसतील.

"तां पापलेट तुमका कोण हसल्याशिवाय मिळाचा नाय," लतिकाबाई म्हणाल्या. "चला."

बागेत वीसेक माणसं गोल करून बसली होती. लतिकाबाई जरा लांबच्या बाकावर, रुमाल अंथरून बसल्या. मेळाव्याची रीत अशी, की प्रत्येकाने उभं राहायचं, आपलं नाणं वर धरायचं, त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा आणि मग बदलाबदल सुरू. हे सगळं प्रितम चालवत होता. हा लातूरकडचा, नोकरीसाठी मुंबईत आलेला, आवाजाने दणदणीत. समोर प्रिया बसली होती, तिकीट मागतानाचाच चेहरा करून. तिच्या गळ्यातल्या दोरीला पापलेट लटकत होतं.

पेडणेकरांनी हिशोब केला होता: आपण सगळ्यांत शेवटी बसू, तोवर मंडळी कंटाळून पांगतील. पण कोणी पांगेना. एकाने अष्टविनायकाचं नाणं वाचलं, एकीने आपल्या मांजरीचं. अंधारून आलं. बागेतले दिवे एकदम लागले, आणि नेमका त्याच वेळी प्रितम म्हणाला, "आता आपले मुद्रितशोधक काका."

पेडणेकर उभे राहिले. नाणं वर धरलं. एवढ्या माणसांसमोर ते याआधी बोलले होते ते स्वतःच्या लग्नात, उखाणा घ्यायला, आणि तोही अर्धवट राहिला होता. त्यांनी ठरवलं, डोळे मिटून एका दमात वाचायचं आणि बसायचं.

"शोधा म्हणजे," ते म्हणाले.

आणि जीभ अडली. भीतीने नव्हे. कणकवलीकडच्या घरात वाढलेल्या माणसाची जीभ होती ती. दिवेलागणी झाली की त्या प्राण्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो हाक ऐकल्यासारखा घरात येतो, हे तिला लहानपणी आईच्या चापटीने शिकवलेलं. पुढे छापखान्यात अख्खं आयुष्य गेलं, पुस्तकांचे ढीग वाचून झाले, पण दिवे लागल्यावर तो शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. डोक्याला काही विचारायच्या आत जिभेने आपलं काम उरकलं.

"शोधा म्हणजे… लांबडं."

पेडणेकर बसले. प्रिया उठून त्यांच्यापाशी आली, त्यांच्या हातातून नाणं घेतलं आणि दिव्याखाली धरलं. एकदा नाण्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"काका, इथे लांबडं नाही लिहिलेलं."

"नाही."

"मग जे लिहिलंय ते का नाही वाचलंत?"

"दिवे लागलेत ना," पेडणेकर म्हणाले.

प्रियाचे आधी खांदे हलले. मग तिने तोंडावर हात धरला, पण तो पुरला नाही. तिथल्या तिथे ओल्या कठड्यावर ती बसली आणि अशी हसत सुटली की तिला श्वास घ्यायची शुद्ध राहिली नाही. ते बघून निम्मी मंडळी हसू लागली. उरलेल्या निम्म्यांना काहीच कळलं नव्हतं.

"पण लांबडं म्हणजे काय?" प्रितम विचारत होता. "कोणीतरी सांगा ना."

"उद्या सकाळी सांगते," एक बाई डोळे पुसत म्हणाल्या. त्या देवगडच्या होत्या.

प्रितमने नाणं ओढून घेतलं आणि आपल्या दणदणीत आवाजात वाचलं, "शोधा म्हणजे साप." त्याबरोबर गोलातल्या पाचसहा जणांनी एकदम "शूऽऽ" केलं आणि दोघांनी पाय पोटाशी घेतले. त्यानंतर कोणीच कोणाला आवरू शकलं नाही. प्रिया तर आता आवाजही न करता नुसती हलत होती.

कितीतरी वेळाने तिने डोळे पुसले आणि गळ्यातली दोरी सोडायला घेतली.

पेडणेकरांनी त्या दोरीकडे पाहिलं. पापलेट समोर लोंबत होतं. हात पुढे केला की झालं. पण हे आपण मिळवलेलं नाही, ही गोष्ट त्यांना गप्प बसू देईना. ते उभे राहिले. या वेळी कोणी नाव पुकारलं नव्हतं.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "हा विनोद मी केलेला नाही. मला सुचतच नाहीत. मजकूर 'सापडेल' असा होता. डेल मागे गेलं. ती वाट आहे, तो… ते नाहीये. आणि नमुना मी नीट वाचला नाही. मी. मुद्रितशोधक." त्यांनी नाणं उलटं करून दाखवलं. "हे बघा. डेल."

ते 'डेल' ऐकून प्रिया पुन्हा खाली बसली.

उठली तेव्हा तिने पापलेट त्यांच्या मुठीत कोंबलं आणि मूठ मिटवली. पेडणेकर पुटपुटले की पण चूक आहे ती.

"काका, नियम हसण्याचा आहे, हुशारीचा नाही. द्या माझं लांबडं इकडे."

मग काय, पिशवीभोवती झुंबड उडाली. अष्टविनायक आले, मांजर आली, वडापावही आला. पेडणेकर देत होते, घेत होते, आणि बोलत होते. आपण बोलतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. कोणीतरी विचारलं, काका, अशा आणखी चुका पाहिल्या असतील तुम्ही? झालं, कोणीतरी नळ सोडल्यासारखं झालं. कुठल्याशा लग्नपत्रिकेत स्नेहभोजनाच्या जागी स्नेहभंजन छापलं गेलं आणि मुलाकडची मंडळी पंगतीतून कशी उठून गेली, हे सांगताना ते हातवारे करत होते. उठून कसे गेले ते दाखवायला स्वतः उठले, चार पावलं चालले आणि परत आले. त्यांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता, आणि मिटल्या मुठीतून पापलेटाची शेपटी बाहेर दिसत होती.

लतिकाबाईंनी बाकावरून दोनदा घड्याळ दाखवलं. त्यांनी पाहिलंच नाही. शेवटी त्या रुमालाची घडी करत जवळ आल्या आणि प्रियाच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बाय माझ्ये, मी जातंय घराक. भात लावचो आसा. तुमचा झाला काय ह्येंका टॅक्सीत बसव." मग जरा थांबून म्हणाल्या, "घाई नाय हां."

मागे पेडणेकर पुढच्या पत्रिकेवर आले होते.